गव्हर्नर ऑल्टगेल्ड : माफी दिली ते ठीक, पण कारणं कशाला लिहिलीत?

मक्याचं कणीस (धागाकर्ता)

अर्बानाला इलिनॉय विद्यापीठात एम.एस. करत असताना माझा निम्मा दिवस ऑल्टगेल्ड हॉलमध्ये जायचा. गणित विभागाची इमारत. दगडी, जाडजूड, वर घंटांचा मनोरा. आतल्या ग्रंथालयात पुस्तकांच्या मांडण्यांमधली जमीन काचेची आहे. वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खालून त्याच्या बुटांच्या तळव्यांची सावली दिसते. पहिल्या सेमिस्टरला मी तिथे पाऊल टाकताना दर वेळी दचकायचो. दोन वर्षं त्या नावाखालून ये-जा केली, पण हा ऑल्टगेल्ड कोण हे विचारावंसं कधी वाटलं नाही. असेल कोणी देणगीदार शेठ, एवढीच समजूत.

यंदा १ मेला इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांमध्ये नेहमीचा विषय निघाला. कामगार दिनाचा उगम शिकागोतला, आणि शिकागोतच त्या दिवशी सुट्टी नाही. त्यावरून हेमार्केट, म्हणजे १८८६चा तिथला बाँबखटला, आणि हेमार्केटवरून त्यात शिक्षा झालेल्यांना माफी देणारा हा माणूस. गेले दोन महिने त्याच्याच मागे आहे. बायको म्हणते, आता त्याला जेवायलाच बोलाव.

जॉन पीटर ऑल्टगेल्डचा जन्म ३० डिसेंबर १८४७चा, जर्मनीतल्या नासाऊ संस्थानातला. काही महिन्यांचं पोर घेऊन आईबाप ओहायोत आले आणि शेतीला लागले. पोराने शिकावं असं बापाला काही वाटत नव्हतं. सोळाव्या वर्षी हा यादवी युद्धात शंभर दिवसांच्या पलटणीत भरती झाला, व्हर्जिनियात तापाने फणफणला, मरता मरता वाचला. तब्येत तेव्हा जी बिघडली ती कायमची. पुढे शाळामास्तर झाला. एमा फोर्ड नावाच्या मुलीवर जीव जडला, पण तिच्या वडिलांना हा जावई नको होता. मग हा पश्चिमेकडे चालता झाला. आर्कान्सामध्ये रेल्वेच्या कामावर मजुरी, मिसुरीत पुन्हा मास्तरकी, तिथेच कायद्याचा अभ्यास. १८७४मध्ये शेतकरी चळवळीच्या पाठिंब्यावर काउंटीचा सरकारी वकील म्हणून निवडून आला आणि वर्षभरात ते सोडून शिकागो गाठलं. १८७७मध्ये एमाशीच लग्न केलं. (हे मला फार आवडलं.)

शिकागोत त्याने जमिनींच्या व्यवहारात बक्कळ पैसा केला. डिअरबॉर्न स्ट्रीटवर सोळा मजली युनिटी बिल्डिंग उभी केली. म्हणजे गडी फकीर नव्हता. पण १८८४मध्ये त्याने तुरुंगांवर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. पोलिसांच्या हाती मुख्यतः गरीबच सापडतात आणि तुरुंग त्यांना सुधारण्याऐवजी पक्के गुन्हेगार करून सोडतो, असं त्यात मांडलं होतं. ओहायोतल्या क्लॅरेन्स डॅरो नावाच्या तरुण वकिलाने ते वाचलं आणि शिकागोला आल्यावर तो या माणसाला शोधत गेला. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

१८८६मध्ये ऑल्टगेल्ड कुक काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचा न्यायाधीश झाला. १८९२मध्ये डेमोक्रॅट पक्षातर्फे इलिनॉयचा गव्हर्नर. परदेशात जन्मलेला पहिला, आणि यादवी युद्धानंतरचा पहिला डेमोक्रॅट. यात भाषेचाही हात होता बरं का. १८८९च्या एडवर्ड्स कायद्याने शाळेत इंग्रजीतूनच शिकवायची सक्ती केली होती, त्यामुळे जर्मन मतदार आधीच्या गव्हर्नरवर खवळलेले होते. ती मतं याच्या पारड्यात पडली.

आता मूळ मुद्दा. ४ मे १८८६च्या रात्री हेमार्केट चौकात कामगारांची सभा सुरू होती. पावसाचं लक्षण दिसल्यावर बरेच लोक घरी गेले होते. महापौर स्वतः येऊन ऐकून गेले आणि 'काही धोका नाही' असं पोलीस कॅप्टन बॉनफील्डला सांगून गेले. तरी बॉनफील्ड पोलिसांची तुकडी घेऊन सभा उधळायला आला. कोणीतरी बाँब टाकला. सात पोलीस गेले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. बाँब कोणी टाकला हे आजतागायत कळलेलं नाही. पकडले आठ जण. बाँब फुटला तेव्हा त्यांतले दोघेच तिथे होते. ११ नोव्हेंबर १८८७ला चौघांना फाशी झाली : स्पाइस, पार्सन्स, फिशर आणि एंगेल. लिंगने आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला. फील्डन आणि श्वाब यांची फाशी तेव्हाच्या गव्हर्नरने जन्मठेपेवर आणली होती, आणि नीबीला पंधरा वर्षं. हे तिघे जोलिएटच्या तुरुंगात.

ऑल्टगेल्ड गव्हर्नर झाला तेव्हा या तिघांना सोडा म्हणून मोठा अर्ज त्याच्यापुढे आला. सह्या करणाऱ्यांत व्यापारी, बँकवाले, वकील, न्यायाधीश, सगळी बडी मंडळी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : दोषी आहेत हे मान्य, पण शिक्षा पुरेशी भोगली, आता दया करा.

इथे सोपी वाट समोर होती. 'दयाबुद्धीने सोडत आहे' असं दोन ओळींत लिहायचं, सही ठोकायची, टाळ्या घ्यायच्या. २६ जून १८९३ला त्याने सही केलीच, पण सोबत सुमारे १८ हजार शब्दांचं निवेदन छापून काढलं. त्यात सुरुवातीलाच दयेचं दार त्याने स्वतः बंद केलं. खटला न्यायाने चालला असेल आणि माणसं दोषी असतील, तर मी मध्ये पडण्याचं काही कारण नाही, कारण मग कोणतीच शिक्षा जास्त नाही, असं त्याने लिहिलं. आणि मग खटला न्यायाने का चालला नाही, हे एकेक कागद काढून दाखवलं.

ज्युरीचंच बघा. एरवी पेटीतून चिठ्ठ्या काढून नावं निवडत. इथे राइस नावाचा खास बेलिफ नेमला आणि 'माणसं तू गोळा करून आण' म्हणून सांगितलं. एका व्यापाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं की हा राइस त्याच्यापाशी बढाई मारत होता : खटला मीच चालवतोय, हे सगळे फासावर जाणार; अशीच माणसं आणतोय की आरोपींना त्यांना नाकारण्यात आपले सगळे हक्क संपवावे लागतील, आणि मग सरकारी पक्षाला हवी ती माणसं त्यांना मुकाट घ्यावी लागतील. ९८१ जणांना विचारून शेवटी बारा निवडले. मारल्या गेलेल्या एका पोलिसाच्या नातेवाइकालाही न्यायाधीश गॅरी यांनी 'नि:पक्षपाती बसू शकेल' असं ठरवलं होतं.

नीबीविरुद्ध तर धड पुरावाच नव्हता. तो त्या रात्री चौकात नव्हताच. कामगारांच्या जर्मन वर्तमानपत्रात त्याचा दोन डॉलरचा शेअर होता, हा त्याचा अपराध. दोन डॉलर!

माझं म्हणणं एवढंच : लोकांनी त्याला माफीसाठी झोडपलं नाही, कारणांसाठी झोडपलं. माफीच्या अर्जावर सह्या करणारेही कारणं वाचून गप्प झाले. दुसऱ्या दिवशी शिकागो ट्रिब्यूनने लिहिलं की हा गव्हर्नर अमेरिकन माणसासारखा विचार करत नाही आणि त्याला अमेरिकन माणसासारखं वाटतही नाही. ठिकठिकाणी त्याचे पुतळे जाळले.

तुम्हाला काय वाटतं? कारणं लिहायला हवी होती का?

---

भटक्या

झकास लिहिलंय कणीसभाऊ. ते काचेच्या जमिनीचं वाचून पायात गोळे आले.

अवांतर : हेमार्केटला पोलिसाचाही एक पुतळा होता ना? तो म्हणे सारखा पडायचा?

---

मक्याचं कणीस

@भटक्या, हो. १८८९चा पुतळा, हात वर करून उभा असलेला पोलीस. १९२७मध्ये ४ मेलाच, म्हणजे नेमकी बाँबचीच तारीख, एका ट्रामने रुळावरून उतरून त्याला धडक दिली. रोज तो वर केलेला हात बघून कंटाळलो होतो, असं ड्रायव्हर म्हणाल्याचं सांगतात. पुढे १९६९ आणि १९७०, दोनदा स्फोटात उडाला. आता तो पोलीस मुख्यालयात सुरक्षित जागी आहे.

---

काळाकोट

लेख चांगला आहे, पण मी विरुद्ध बाजूने बोलतो. पंचवीस वर्षं फौजदारी वकिली केली आहे, तेव्हा थोडं रोखठोक.

माफीचा अधिकार हे अपिलाचं कोर्ट नव्हे. हा खटला इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तिथे निकाल कायम झाला. मग वॉशिंग्टनला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेला, त्यांनी हात घालायला नकार दिला. एवढं सगळं झाल्यावर गव्हर्नर उठतो आणि न्यायाधीशाचं नाव घेऊन 'हा पक्षपाती होता' असं सरकारी कागदावर छापतो. ऑल्टगेल्ड स्वतः न्यायाधीश होता, त्याला ही रेघ कळत नव्हती असं कसं म्हणायचं? उद्या प्रत्येक गव्हर्नर प्रत्येक निकालाची अशी चिरफाड करू लागला तर कोर्टाची पत काय राहिली?

सोडायचं तर सोडा. तोंड बंद ठेवून सोडा. पदाची अदब त्यातच आहे.

---

शेवंता

काळाकोट साहेब, अदब ठीक आहे, पण दया म्हणून सोडलं असतं तर ते तिघे जन्मभर 'माफ केलेले खुनी' राहिले असते की. आणि फाशी गेलेल्या चौघांचं काय? त्यांना तर दया मिळायचीच सोय उरली नव्हती. कारणं लिहिली म्हणून निदान कागदावर तरी त्यांचं नाव धुऊन निघालं.

पण कणीसभाऊ, माझा प्रश्न वेगळा आहे. १८८७मध्ये हा त्याच काउंटीत न्यायाधीश होता ना? फाशी व्हायच्या आधी तो काय बोलला?

---

मक्याचं कणीस

@शेवंताताई, वर्मावर बोट ठेवलंत. जाहीरपणे काही नाही. दयेच्या अर्जासाठी शहरात मोठी चळवळ झाली, हजारो लोकांनी सह्या केल्या, सभा झाल्या. हा गप्प बसला. न्यायाधीशाने चालू प्रकरणावर बोलू नये हा संकेत असेलही. पण पुढे मोठी इमारत बांधायची होती, पुढे निवडणूक होती, हेही खरंच. मी त्याला देव करायला बसलेलो नाही. मला तर वाटतं, १८९३मध्ये तो एवढा सविस्तर लिहीत सुटला त्याला १८८७ची चुप्पीही थोडी कारणीभूत असावी. हा माझा अंदाज, कागदावर कुठे नाही.

@काळाकोट साहेब, तुमचा अपिलाचा मुद्दा वजनदार आहे. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. गप्प बसायची रीत न्यायाधीश गॅरी यांनीच आधी मोडली होती. एप्रिल १८९३मध्ये, म्हणजे माफीच्या दोन महिने आधी, त्यांनी एका नामांकित मासिकात लांबलचक लेख लिहून आपण चालवलेल्या खटल्याचं समर्थन केलं. तिघे आत बसलेले, त्यांचा अर्ज गव्हर्नरपुढे पडलेला, आणि न्यायाधीश मासिकात! अदब एकाच बाजूने पाळायची का?

तरीही कबूल करतो, निवेदनाचा शेवटचा भाग, जिथे गॅरी यांच्यावर थेट हल्ला आहे, तो कडवट झालाय. ज्युरीवरचं प्रकरण वकिली थाटाचं, थंड आणि बिनतोड आहे. शेवटी मात्र पेन घसरलंय.

---

गिरणगावकर

आमचे आजोबा परळला साच्यावर होते, त्यामुळे १ मे आमच्या घरी दोन दोन कारणांनी साजरा व्हायचा. सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी लाल बावट्याची सभा. हेमार्केटचं नाव लहानपणापासून ऐकलेलं, पण हे माफीचं प्रकरण पहिल्यांदाच वाचतोय. आमच्याकडे गोष्ट फाशीपाशीच संपायची.

तारखा बघून गंमत वाटली. शिकागोत आठ तासांसाठी संप चालू होते, त्याच सुमारास इकडे नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना जमवत होते. १८८४मध्ये साडेपाच हजार सह्यांचा अर्ज : रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास खाडा द्या, सूर्यास्तानंतर काम नको. आठ तासांची भाषाच नाही, अंधार पडायच्या आत घरी सोडा एवढंच मागणं. रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली.

---

मक्याचं कणीस

@गिरणगावकर, दोन्हींचा थेट संबंध नाही, पण तारखा खरंच खांद्याला खांदा लावून आहेत. तासांचं निघालंच आहे तर सांगतो. ऑल्टगेल्डने १८९३मध्येच कारखान्यांचा कायदा आणला. चौदा वर्षांखालच्या पोरांना कारखान्यात बंदी, बायकांना दिवसाला आठ तासांची मर्यादा. आणि मुख्य तपासनीस म्हणून फ्लॉरेन्स केली या बाईंना नेमलं. त्या काळात बाईला असं पद! त्या चाळींतल्या शिवणकामाच्या खोल्यांमध्ये शिरून तपासणी करायच्या, देवीची साथ आली तेव्हाही. १८९५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं. करार करायच्या स्वातंत्र्यावर गदा येते म्हणे. बारा तास शिवण मारायचं स्वातंत्र्य.

---

सातारी_कंदी

म्हणजे पठ्ठ्या माफीमुळे संपला. पुढची निवडणूक हरलाच असेल.

---

मक्याचं कणीस

@सातारी_कंदी, हरला, पण हिशेब इतका सरळ नाही. मध्ये पुलमन आहे.

१८९४मध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने मजुरी कापली. कामगार राहायचे कंपनीच्याच गावात, कंपनीच्याच घरांत. मजुरी कापली, घरभाडं जसंच्या तसं. संप झाला, मग यूजीन डेब्सच्या रेल्वे युनियनने पुलमनचे डबे ओढायला नकार दिला आणि देशभर गाड्या अडकल्या. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी शिकागोत केंद्राचं सैन्य उतरवलं. नेमकं ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी! गव्हर्नरला विचारलंसुद्धा नाही. क्लीव्हलंडही डेमोक्रॅट, बरं का. ऑल्टगेल्डने तारा पाठवून भांडण केलं : राज्याने मागितल्याशिवाय सैन्य पाठवता येत नाही, माझी मिलिशिया (राज्याची फौज) तयार आहे, महापौरांनी मागितली की मी देतो. आणि पुढच्या दोन दिवसांत महापौरांनी मागितल्यावर त्याने दिलीही. त्याच मिलिशियाने जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. म्हणजे 'अराजकवाद्यांचा मित्र' म्हणून ज्याला रंगवलं, त्याच्याच फौजेने हे केलं. हा भाग त्याचे भक्त भरभर उलटून जातात.

मला त्यातला ऑगस्टमधला प्रसंग जास्त लागला. संप मोडल्यावर तो स्वतः पुलमन गावात गेला. कंपनीची दोन माणसं सोबत घेऊन घराघरांत शिरला. लोकांची स्वयंपाकघरं आणि झोपायच्या खोल्यासुद्धा पाहिल्या. मग मालकाला पत्र लिहिलं की माणसं उपाशी आहेत, बायकापोरांचे हाल आहेत, मागचं भाडं सोडून द्या. मालकाने दाद दिली नाही. तेव्हा त्याने राज्यातल्या जनतेलाच मदतीचं आवाहन केलं आणि धान्य येऊ लागलं.

१८९६च्या डेमोक्रॅट अधिवेशनात क्लीव्हलंडच्या गटाला धूळ चारण्यात याचा मोठा वाटा होता. राष्ट्राध्यक्षपदासाठी स्वतः उभा राहू शकत नव्हता, जन्म जर्मनीतला. उमेदवारी ब्रायन यांना गेली. त्या वर्षी इलिनॉयमध्ये सगळी डेमोक्रॅट गाडीच उलटली, ऑल्टगेल्डही पडला. पण गंमत म्हणजे इलिनॉयमध्ये त्याला ब्रायनपेक्षा जास्त मतं मिळाली. तेव्हा 'माफीनेच बुडवला' हे अर्धसत्य.

एक बारकावा मात्र जिव्हारी लागतो. जानेवारी १८९७मध्ये नव्या गव्हर्नरचा शपथविधी होता. मावळत्या गव्हर्नरने निरोपाचे चार शब्द बोलायची रीत होती. याने भाषण लिहून आणलेलं. बोलूच दिलं नाही.

---

काळाकोट

शपथविधीला बोलू दिलं नाही हे वाईटच. त्यात दुमत नाही.

पण माझा मुद्दा तसाच आहे. ज्युरी कशी भरली याचे कागद हाती होते, तर ते छापा. न्यायाधीशाच्या मनात काय होतं हे छापू नका. पहिल्याने तिघे निर्दोष ठरत होते, दुसऱ्याने फक्त वाद वाढला. बचावाच्या भाषणात शेवटची पाच मिनिटं गाळता येणं ही कला आहे. आमच्या गुरुजींनी आम्हाला तेवढं एक नीट शिकवलं.

---

शेवंता

साहेब, ती पाच मिनिटं गाळली असती तर आज आपण त्याच्यावर भांडत बसलो नसतो :)

कणीसभाऊ, पैशाचं काय झालं? ती सोळा मजली इमारत?

---

मक्याचं कणीस

गेली. १८९३ची मंदी, डोक्यावर कर्ज, आणि राजकारणात घातलेली वर्षं. १८९५मध्ये ट्राम कंपन्यांना दीर्घ मुदतीचे हक्क देणारी विधेयकं विधानसभेने मंजूर केली होती, ती याने नाकारली. त्यासाठी ट्रामवाल्यांच्या बाजूने याला पाच लाख डॉलरची लाच देऊ केली होती असं सांगतात. ही ऐकीव गोष्ट आहे, तशीच घ्या. नकाराधिकार वापरला हे मात्र खरं, आणि तेव्हा तो कर्जात होता हेही खरं. १८९९मध्ये शिकागोच्या महापौरपदासाठी अपक्ष उभा राहिला, तिसरा आला. शेवटी डॅरोच्या ऑफिसात वकिली करत होता.

११ मार्च १९०२ला जोलिएटला दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांच्या बाजूने भाषण करायला गेला होता. भाषण संपल्यावर कोसळला, दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. वय ५४. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात पार्थिव ठेवलं होतं, हजारो लोक रांगेने येऊन गेले. अंत्यविधीला डॅरो बोलले आणि समाजसेविका जेन ॲडम्स बोलल्या.

---

भटक्या

आणि सुटलेले तिघे? पुढच्या महिन्यात कामासाठी शिकागोला येतोय, तेव्हा हेमार्केट सोडून आणखी काय बघू तेही सांगा.

---

मक्याचं कणीस

श्वाब पाच वर्षांत गेला, १८९८ला, तुरुंगाने तब्येत खाल्ली होती. नीबी १९१६पर्यंत होता. तो आत असतानाच त्याची बायको वारली होती. फील्डनने कोलोरॅडोत जमीन घेतली आणि १९२२पर्यंत शेतीवाडीत रमला.

बघायचं तर ब्लू लाइन पकडून शेवटच्या फॉरेस्ट पार्क स्टेशनला उतरा, तिथून वॉल्डहाइमचं कब्रस्तान (आताचं नाव फॉरेस्ट होम) जवळ आहे. फाशी गेलेल्यांचं स्मारक तिथे आहे. एका बाईचा कांस्य पुतळा, पायाशी पडलेला कामगार, ती त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवतेय. त्याचं अनावरण २५ जून १८९३चं, म्हणजे माफीच्या आदल्या दिवशीचं. श्वाब आणि नीबीही तिथेच आहेत. सगळे लोक पुढून फोटो काढून निघतात. तुम्ही मागे वळसा घाला. मागच्या बाजूला गव्हर्नरच्या माफीतला मजकूर लावलाय.

@काळाकोट साहेब, सगळे १८ हजार शब्द नाहीत हो तिथे. शेवटची पाच मिनिटं गाळलीत.